घडलंच नाही, त्याचं पदक कसं मागायचं?

कातरवेळ

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज मदत हवी म्हणून पहिला धागा काढतेय.

मी ह्यूस्टनजवळ नासाच्या एका कंत्राटदाराकडे नोकरी करते. यानात जाणाऱ्या विजेच्या हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुड्यांची आणि त्यांच्या कनेक्टरांची, तपासणी हे आमच्या गटाचं काम. माझे एक ज्येष्ठ सहकारी या वर्षाच्या शेवटी निवृत्त होतायत. त्यांना इथे आजोबा म्हणते. त्यांची सगळी हयात भिंगाखाली कनेक्टरच्या पिना बघण्यात गेली. गटाने ठरवलं की नासाच्या सेवापदकासाठी त्यांचं नाव पाठवायचं, आणि अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं.

अर्ज उघडला आणि पहिल्याच रकान्यात अडले. या व्यक्तीच्या कामाचा परिणाम काय झाला, शक्य असल्यास आकड्यांत लिहा.

आता काय लिहू? त्यांच्या कामाचा परिणाम म्हणजे काहीच झालं नाही. शॉर्ट सर्किट झालं नाही, सिग्नल मध्येच गेला नाही, उड्डाण थांबलं नाही.

एक प्रसंग सांगते. मी नवीन होते तेव्हाचा. शिफ्ट संपताना आमच्याकडे सगळी अवजारं आणि सुटे भाग मोजून परत ठेवायचे असतात. फळीवर प्रत्येक अवजाराच्या आकाराची जागा कोरलेली असते, रिकामी जागा लांबूनही दिसते. त्या दिवशी अवजारं पुरी होती, पण पाकिटातला एक वॉशर कमी भरला. मसुराच्या दाण्याएवढा. सगळ्यांच्या मते मोजणी चुकली होती, पाकिटात आधीपासूनच एक कमी असणार. आजोबांनी काम थांबवलं. लाल टॅग (शंका मिटेपर्यंत काम पुढे न्यायचं नाही, अशी खूण) लावला, दार बंद केलं आणि आम्ही सहाजण गुडघ्यांवर बसून फरशी शोधायला लागलो. साडेतीन तासांनी तो वॉशर सापडला माझ्याच बनी सूटच्या, म्हणजे धूळ पडू नये म्हणून घालायच्या अंगभर पोशाखाच्या, पायाजवळच्या दुमडीत. मला रडू आलं. आजोबांनी तो चिमट्याने उचलला, पाकिटात टाकला, कागदावर वेळ लिहिली आणि स्वतःचा शिक्का मारला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. वजनच जाणवत नाही अशा जागी तो वॉशर तरंगत कुठे जाऊन बसला असता, हे मला त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी समजावलं.

हे त्या रकान्यात कसं बसवायचं? कुणी असे अर्ज लिहिलेत का?

त्रिज्या

कातरवेळ, आधी एक नियमाची गोष्ट, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल. तुमचे आजोबा कंत्राटदाराचे नोकर आहेत ना? मग त्यांचं नाव 'एक्सेप्शनल सर्व्हिस मेडल'साठी जाणार नाही. ते सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहे. बाहेरच्या माणसांसाठी जोडीचं वेगळं पदक आहे, 'एक्सेप्शनल पब्लिक सर्व्हिस मेडल'. एका 'पब्लिक' शब्दाचा फरक, पण चुकीच्या रांगेत उभं राहिलं की अर्ज परत.

माझा नवरा नासाच्या एका केंद्रात सरकारी नोकरीत आहे, त्याच्या गटाचे तीन-चार अर्ज मी वाचून दिलेत. म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते. नासा १९५८ सालची. सर्वोच्च असं 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल' १९५९ मध्ये आलं, आणि 'एक्सेप्शनल सर्व्हिस' १९६१ मध्ये. पुढे नेतृत्वासाठी, विज्ञानासाठी, अभियांत्रिकीसाठी, धाडसासाठी अशी वेगवेगळी पदकं झाली. अख्ख्या गटाला मिळतो तो 'ग्रुप अचिव्हमेंट अवॉर्ड'. पासाडेनाची जेपीएल ही नासाची प्रयोगशाळा कॅलटेक विद्यापीठ चालवतं, त्यामुळे मंगळावर गाड्या उतरवणारी तिथली माणसंसुद्धा आज 'पब्लिक'च्याच रांगेत येतात.

नोकरीची अमुक वर्षं पूर्ण झाली की मिळते ती पिन निराळी. ती वर्षं मोजते. सेवापदक मोजतं ते त्या वर्षांत दाखवलेला पुढाकार आणि कर्तबगारी. त्यामुळे "इतकी वर्षं निष्ठेने काम केलं" या वाक्यावर अर्ज उभा करू नका. वाचणारी समिती त्याला पिन दिली की झालं म्हणेल.

पाणकावळा

ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण अपोलो १३ आहे.

१३ एप्रिल १९७० ला त्या यानाची प्राणवायूची टाकी फुटली. चार दिवस ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाने जीव तोडून तिघांना परत आणलं. १७ तारखेला यान समुद्रात उतरलं आणि १८ तारखेला अध्यक्ष निक्सन स्वतः ह्यूस्टनला गेले. अपोलो १३ च्या मिशन ऑपरेशन्स टीमला 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' दिलं. देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान, आणि तो गटाला. त्या माणसांना तो मिळायलाच हवा होता, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

पण टाकी का फुटली ते बघा. तिच्या आत एक हीटर होता आणि तो जास्त तापू नये म्हणून थर्मोस्टॅटचे स्विच. हे स्विच २८ व्होल्टसाठी बनवले होते, कारण यानात तेवढाच दाब असायचा. पुढे जमिनीवरच्या चाचण्यांसाठी ६५ व्होल्ट वापरायचं ठरलं. तसा बदल कागदावर झालाही, पण स्विच जुनेच राहिले. हीच टाकी आधी अपोलो १० च्या यानात होती, तिथून काढताना ती जेमतेम दोन इंच घसरून आपटली होती. त्यामुळे असेल, उड्डाणाआधीच्या चाचणीत तिच्यातला प्राणवायू नेहमीच्या पद्धतीने रिकामा होईना. मग हीटर आठ तास चालू ठेवून तो उडवून लावला. ६५ व्होल्टवर स्विचची टोकं वितळून चिकटली, हीटर बंद व्हायचा तो झालाच नाही, आतल्या वायरींवरचं टेफ्लॉनचं आवरण भाजून निघालं. बाहेरच्या मापकाचा काटा एका मर्यादेच्या वर जातच नव्हता, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं ठीक दिसलं. पुढे अवकाशात त्याच वायरींत ठिणगी पडली आणि टाकी फुटली.

आता कल्पना करा, एखाद्या तपासनीसाने कागद आणि स्विच शेजारी ठेवून पाहिले असते आणि म्हटलं असतं, हे दोन जुळत नाहीत. लाल टॅग. दोन स्विच बदलले. अपोलो १३ चंद्रावर उतरून परत आलं. त्या तपासनीसाला काय मिळालं असतं? बहुधा उशीर केल्याबद्दल बोलणी. आणि त्याने काय वाचवलं हे त्यालासुद्धा कधी कळलं नसतं.

तुमचे आजोबा म्हणजे तो माणूस आहे.

उंबरठा

पाणकावळा, शेवटच्या ओळीला काटा आला अंगावर. अनुमोदन.

सदाफुली

मी थोडं वेगळं मांडते, राग मानू नका.

पदक ही चीजच दिसणाऱ्या कामासाठी जन्माला आलेली आहे. न दिसणाऱ्या कामाला तिथे ओढून बसवलं तर अर्जात अतिशयोक्ती येते. "यांच्यामुळे यान वाचलं" असं लिहाल आणि समितीतला कुणी विचारेल, कशावरून? पाणकावळा यांचं उदाहरण मनाला भिडतं, पण ते मागे वळून बघतानाचं शहाणपण आहे. प्रत्येक लाल टॅगमागे अपोलो १३ नसतो. बरेचसे टॅग खरोखरच फुकटचे निघत असतील, आणि ते आजोबांनाही ठाऊक असेल.

त्यापेक्षा 'सिल्व्हर स्नूपी'चा विचार केलात का? तो तर अशाच माणसांसाठी आहे.

जुना वाचक

सदाफुलीताईंनी माझ्या मनातलं नाव घेतलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो.

जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तीन अंतराळवीर यानात, जमिनीवरच, गेले. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी. त्यानंतर नासाला असं काहीतरी हवं होतं की कारखान्यातल्या शेवटच्या माणसाला वाटलं पाहिजे, माझ्या हातातल्या कामावर कुणाचा तरी जीव आहे. १९६८ पासून चांदीची छोटी पिन द्यायला सुरुवात झाली. तिच्यावर अंतराळवीराच्या पोशाखातला स्नूपी, चार्ल्स शुल्झ यांच्या व्यंगचित्रमालिकेतला कुत्रा. चित्र शुल्झ यांनीच काढून दिलं. पुढच्याच वर्षी अपोलो १० च्या चांद्रयानाचंही नाव स्नूपी ठेवलं.

या पिनेची तीन वैशिष्ट्यं मला फार मोलाची वाटतात. पहिलं, प्रत्येक पिन अवकाशात जाऊन आलेली असते. दुसरं, ती अंतराळवीर देतात, आणि अंतराळवीरांना ती मिळत नाही. तिसरं, ती द्यायला अंतराळवीर तुमच्या कामाच्या जागी येतो. सभागृह नाही, लाल गालिचा नाही. तुम्ही भिंगाखाली मान घालून बसलेले असता आणि ज्याच्या जिवासाठी तुम्ही ती मान घातलेली असते तो मागे येऊन उभा राहतो. सरकारी नोकर असो की कंत्राटदाराचा, दोघांनाही ती मिळते. वर्षाला शंभरात एकालाही नाही.

मी ह्या पिनेला पदकाच्या वर ठेवतो. माझं मत.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. त्रिज्या, 'पब्लिक'ची गोष्ट सांगितलीत ते फार बरं झालं, माझ्या मसुद्यात चुकीचंच नाव होतं.

सदाफुली, राग कसला? तुमचं बरोबर आहे, बरेच टॅग फुकट निघतात. मी आज जेवणाच्या सुट्टीत आजोबांना आडून आडून विचारलं की असे किती टॅग वाया गेले असतील. ते म्हणाले, "वाया एकही नाही. उघडून बघितलं आणि ठीक निघालं, म्हणजे ते ठीक आहे हे आता आपल्याला माहीत आहे. आधी आपण ते नुसतं धरून चाललो होतो."

मनात एक सल आहे, तीही सांगून टाकते. मी इथे येण्याआधी आजोबा दुसऱ्या एका कंपनीत होते, नाव घेत नाही. तिथे एकदा कनेक्टरमधली एक पिन त्यांना तिरकी वाटली. केसभर. वरच्यांचं म्हणणं, कनेक्टर जोडून बघितला, विद्युत चाचणी पास झाली, सही करा. त्यांनी शिक्का मारला नाही. दुसऱ्या कुणाकडून तरी सही घेतली गेली. त्या वर्षी गटाला बक्षीस मिळालं, वेळेत काम पूर्ण केल्याबद्दल, आणि यादीत आजोबांचं नाव नव्हतं. ते यान व्यवस्थित जाऊन आलं. म्हणजे ती पिन ठीकच होती, असं सगळे म्हणाले. ते मात्र आजही म्हणतात, "ठीक होती की नाही ते मला माहीत नाही. मला दिसत नव्हतं, म्हणून मी शिक्का मारला नाही."

मला हा प्रसंग अर्जात घालायचा आहे. गटातले दोघे नको म्हणतायत. नकार दिल्याबद्दल पदक कोण देतं, असं त्यांचं म्हणणं.

शिशिर

कातरवेळ, तुमच्या सहकाऱ्यांची भीती खोटी नाही, पण इतिहास सांगतो की नकाराचा सन्मान होऊ शकतो, फक्त तो बहुतेक वेळा उशिरा आणि दुसऱ्या दारातून येतो.

रॉजर बोइजोली. चॅलेंजर या अंतराळयानाचे घन इंधनाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतले अभियंते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री फोनवर बैठक झाली. थंडीत बूस्टरच्या सांध्यांमधली रबराची ओ-रिंग कडक होते आणि गॅस अडवायला वेळेवर बसत नाही, उद्या उडवू नका, असं ते आणि त्यांचे सहकारी जीव तोडून सांगत होते. कंपनीच्या वरिष्ठांनी शेवटी होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात माणसं गेली. बोइजोली यांना १९८८ मध्ये वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठी पुरस्कार मिळाला. दिला अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्सने.

त्यांचे सहकारी ॲलन मॅकडोनल्ड यांनी त्या रात्री उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायचं नाकारलं होतं. पुढे सांध्यांची नवी रचना करायचं काम त्यांच्याच हाताखाली झालं. मला तो सन्मान कुठल्याही पदकाएवढाच मोठा वाटतो. ज्याने नाही म्हटलं, त्यालाच ते नीट करायला सांगितलं.

तिरक्या पिनेचा प्रसंग घालाच.

उंबरठा

कोलंबिया यानाचं आठवलं, परतताना तुटून सातजण गेले ते. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना काही अभियंते त्या जागेचे फोटो मागत होते, ते घेतले गेले नाहीत. कल्पना चावला यांना मरणोत्तर काँग्रेशनल स्पेस मेडल ऑफ ऑनर, स्पेस फ्लाइट मेडल आणि डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळालं. तिन्ही पदकांची नावं वाचताना मला दरवेळी ते न घेतलेले फोटो आठवतात.

जुना वाचक

एक सुखाची गोष्टही सांगतो, धागा फार जड झालाय.

२० जुलै १९६९. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत असताना संगणकाने १२०२ असा इशारा दिला. पुढे जायचं की परत फिरायचं? नियंत्रण कक्षात ती जबाबदारी २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सची. मागच्या खोलीत त्याच्या मदतीला २४ वर्षांचा जॅक गार्मन. दोनच आठवड्यांपूर्वी सरावात अशाच एका इशाऱ्यावर बेल्सने उतरणं रद्द करायला लावलं होतं आणि ते चुकीचं ठरलं होतं. त्यानंतर कक्षप्रमुख जीन क्रांझ यांनी फर्मावलं, असा एकूण एक इशारा शोधा आणि त्यावर काय करायचं ते लिहून काढा. गार्मनने हाताने यादी लिहिली आणि टेबलावरच्या काचेखाली ठेवली. म्हणून त्या क्षणी उत्तर सेकंदांत आलं, पुढे चला.

ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या मेजवानीत निक्सन यांनी तिन्ही अंतराळवीरांबरोबर बेल्सलाही उभं केलं. नियंत्रण कक्षाच्या वतीने 'ग्रुप अचिव्हमेंट अवॉर्ड' त्याने घेतला. गार्मन तिथे मंचावर नव्हता. पण बेल्स पुढे सांगत आला की उत्तर गार्मनचं होतं.

कातरवेळ, मला यात तुमच्यासाठी सूत्र दिसतं. गार्मनची यादी आज दाखवता येते, कारण ती लिहिलेली होती. आजोबांचं काय लिहिलेलं आहे?

त्रिज्या

काका, अगदी हेच लिहायला आले होते!

कातरवेळ, प्रत्येक लाल टॅगचा अहवाल होतो ना? काय दिसलं, कधी दिसलं, कोणी शिक्का मारला, पुढे काय ठरलं. ते अहवाल जपून ठेवलेले असतात. आजोबांच्या शिक्क्याच्या नंबरावरून शोधा. किती टॅगांनंतर भाग बदलला, किती वेळा त्यावरून कामाची पद्धतच बदलली, हे निघेल. "काहीच घडलं नाही" हे समितीला मोजता येणार नाही. "याने अमुक ठिकाणी बोट ठेवलं आणि रेखाचित्र बदललं" हे मोजता येतं. सदाफुलीताईंच्या "कशावरून" ला तेच उत्तर.

आणि विशेषणं काढा. नवऱ्याच्या गटाचा जो अर्ज मंजूर झाला त्यात 'अतुलनीय' हा शब्द एकदाही नव्हता. क्रियापदं होती. थांबवलं, उघडलं, मोजलं, शिकवलं.

सदाफुली

माझा आक्षेप मागे. अहवाल असतील तर अतिशयोक्तीचा प्रश्नच उरत नाही. कातरवेळ, तुमच्या आजोबांचं "मला दिसत नव्हतं, म्हणून मी शिक्का मारला नाही" हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर लिहून लावलंय. मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते.

उंबरठा

एक सुचवू? नासातल्या गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांना २०१५ मध्ये 'मेडल ऑफ फ्रीडम' मिळालं, २०१६ मध्ये सिल्व्हर स्नूपी. नंतर अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, त्यांच्यासह चौघींना सुवर्णपदक जाहीर केलं, तेव्हा एक पाचवं पदकही ठेवलं, त्या काळात नासात आणि तिच्या आधीच्या संस्थेत गणित, संगणन, अभियांत्रिकी करणाऱ्या सगळ्या बायकांसाठी. २०२४ च्या सप्टेंबरात ते समारंभाने दिलं गेलं. ज्यांची नावं कुणाला आठवणार नाहीत त्यांनासुद्धा नेमकं काय काम केलं ते लिहून पदक देता येतं. तुमच्या अर्जातही शेवटी एक ओळ आजोबांनी शिकवलेल्या माणसांवर घाला. तीही त्यांचंच काम आहेत.

कातरवेळ

दोन आठवड्यांनी परत येतेय. अर्ज गेला.

अहवाल शोधायला तीन संध्याकाळ लागल्या. आकडा इथे देत नाही, तो कंपनीचा आहे, पण मी कल्पना केली होती त्याच्या कितीतरी पट निघाला. जुन्या अहवालांवर त्यांचं अक्षर आहे, हाताने लिहिलेलं, बारीक आणि उजवीकडे झुकलेलं. एका ठिकाणी "दिसलं: काही नाही. खात्री: पुन्हा उद्या उजेडात बघावं" असं लिहिलंय आणि खाली दुसऱ्या दिवसाच्या तारखेने "आवरणाला चीर". तो अहवाल अर्जाला जोडला.

तिरक्या पिनेचा प्रसंग घातला. जुन्या कंपनीचं नाव न घेता, तीन वाक्यांत. गटातल्या दोघांनी वाचून मान हलवली. 'पब्लिक सर्व्हिस'चा अर्ज केला, आणि सिल्व्हर स्नूपीसाठी वेगळं नाव पाठवलं. काका, ते तुमच्यामुळे.

परिणामाच्या रकान्यात शेवटी असं लिहिलं (मूळ इंग्रजीतून मराठीत सांगते): "यांनी थांबवलेल्या प्रत्येक कामाची नोंद जोडली आहे. यांनी शिकवलेले अकरा तपासनीस आज पाच इमारतींत काम करतात. आमच्यातला कुणीही न बघितलेल्या गोष्टीवर शिक्का मारत नाही."

आजोबांना अजून कळलेलं नाही. काल त्यांनी मला बोलावून विचारलं की निवृत्तीच्या दिवशी शिक्का परत करायचा तो कुणाकडे. मी म्हटलं, ऑफिसात देऊन सही घ्यायची. ते म्हणाले, "मग त्या दिवशी सकाळीच देतो. दुपारपर्यंत खिशात राहिला तर कुणीतरी शेवटचं म्हणून काहीतरी सही करायला आणेल."

निकाल लागला की इथेच लिहीन.